ॲनिमे : समज आणि गैरसमज

२४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांमध्ये एक जुना चित्रपट नव्याने प्रदर्शित झाला. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हे त्याचे नाव. जपानचे युगो साको आणि कोइची सासाकी तसेच भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांनी मिळून दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट १९९२ मध्येच पूर्ण झाला होता. कथा भारताची असूनही भारतातील मोठ्या पडद्यावर सर्वदूर पोहोचण्यासाठी त्याला तीन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. या विलंबाला तत्कालीन परिस्थितीची अनेक कारणे होती. मात्र त्यांतील एक कारण आजही आपल्यात टिकून आहे. हाताने काढलेली चित्रे हा मुलांचा खेळ असून गंभीर विषयाला ते माध्यम शोभत नाही, हा तो समज होय.

जपानी ॲनिमेशन अर्थात ‘ॲनिमे’ आज भारतातील लाखो घरांत पाहिले जाते. तरीही त्याच्याविषयी आणि त्याच्या चाहत्यांविषयी अनेक ठाम मते ऐकू येतात. कोणी त्याला बालिश म्हणतो, कोणी हिंसक, तर कोणी त्याच्या चाहत्यांना एकलकोंडे ठरवतो. यांपैकी प्रत्येक मतामागे काही ना काही घटना आहे. त्या घटना समजून घेतल्या, तर मतातील तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे स्पष्ट होते.

ॲनिमे म्हणजे नेमके काय?

‘ॲनिमे’ हे ‘ॲनिमेशन’ या शब्दाचे जपानी भाषेतील संक्षिप्त रूप आहे. जपानमध्ये कोणत्याही देशाच्या ॲनिमेशनला हा शब्द लावला जातो. जपानबाहेर मात्र तो केवळ जपानी ॲनिमेशनसाठी रूढ झाला आहे. जपानमध्ये असे लघुपट १९१७ मध्ये पडद्यावर आले. ‘हाकुजादेन’ हा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९५८ मध्ये प्रदर्शित झाला. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. जगाला ती ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने परिचित आहे. आजच्या ॲनिमे मालिकांची घडण बव्हंशी याच मालिकेतून झाली.

अनेक ॲनिमे मालिकांचा उगम ‘मांगा’मध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये असतो. या चित्रकथा नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होतात आणि त्यांची विभागणी वाचकवर्गानुसार केलेली असते. ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी, ‘शोजो’ म्हणजे मुलींसाठी, ‘सेइनेन’ म्हणजे प्रौढ पुरुषांसाठी आणि ‘जोसेई’ म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठी. ही विभागणी विषयांची नसून वाचकांची आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. विनोद, प्रणय, क्रीडा, इतिहास, रहस्य, विज्ञानकथा असे सर्व विषय या चारही गटांत आढळतात. थोडक्यात, ॲनिमे हे कादंबरी किंवा नाटक यांसारखे एक माध्यम आहे.

समज पहिला : चित्रे म्हणजे मुलांची करमणूक

‘साझाए-सान’ या कौटुंबिक मालिकेचे प्रसारण ऑक्टोबर १९६९ पासून जपानमध्ये सुरू आहे. सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली आहे. रविवारी संध्याकाळी तीन पिढ्यांनी एकत्र बसून ती पाहावी, अशी तेथील रीत आहे. दुसऱ्या टोकाला इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ चा चित्रपट आहे. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आई गमावलेला चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांच्या उपासमारीची ही कथा आहे. कोबे शहरात बालपणी युद्धाची झळ सोसलेले लेखक अकियुकी नोसाका यांच्या कथेवर ती आधारलेली आहे. हिरोशिमाच्या अणुहल्ल्यातून बचावलेले केइजी नाकाझावा यांच्या मांगावर आधारित ‘बेअरफूट जेन’ हा चित्रपट त्याआधी, १९८३ मध्ये, आला होता. ‘पोरखेळ’ हे वर्णन या चित्रपटांना कोणत्याही अर्थाने लागू पडत नाही.

याच समजामुळे भारतात परस्परविरुद्ध अशा दोन चुका घडल्या.

पहिली चूक रामायणावरील चित्रपटाच्या बाबतीत झाली. १९८३ मध्ये युगो साको पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आले होते. त्या काळात रामायणाच्या कथेने ते प्रभावित झाले. त्यांच्या कार्याविषयी वृत्तपत्रांतून चुकीचा अर्थ पसरला आणि परदेशी व्यक्तीने रामायणाचे मनमानी चित्रीकरण करू नये, असे निषेधाचे पत्र विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाला पाठविले. पुढे हा गैरसमज दूर झाला. परंतु संयुक्त निर्मितीचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा रामायण हा संवेदनशील विषय असून तो व्यंगचित्रांच्या रूपात दाखविता येणार नाही, अशी भूमिका भारत सरकारकडून घेण्यात आली. अखेरीस निर्मितीचे मुख्य काम जपानमध्ये पार पडले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात कारकीर्द सुरू केलेल्या राम मोहन यांच्यासह भारतीय कलावंतांनी जपानी चित्रकारांना बारकावे समजावून सांगितले. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, अशा तपशिलांचाही त्यात समावेश होता. सुमारे ४५० कलावंतांनी या चित्रपटासाठी परिश्रम घेतले. अयोध्येच्या प्रश्नावरून देशातील वातावरण तापलेले असताना तो पूर्ण झाला आणि चित्रपटगृहांपर्यंत त्याचा फारसा प्रसार होऊ शकला नाही. नंतर दूरचित्रवाणीवर तो पाहून एक पिढी वाढली. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा, तर रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज लाभला होता.

दुसरी चूक याच्या अगदी उलट होती. ‘क्रेयॉन शिनचॅन’ ही चित्रकथा १९९० मध्ये जपानमधील प्रौढ वाचकांच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून मोठ्यांच्या जगाची थट्टा करणे, हा तिच्या विनोदाचा गाभा होता. खुद्द जपानमध्येही मुलांना ही मालिका दाखवू नये, असे मत अनेक पालकांनी वेळोवेळी व्यक्त केले. भारतात मात्र ती २००६ मध्ये हिंदीतून थेट मुलांच्या वाहिनीवर दाखल झाली. नायक लहान आहे आणि चित्रे रंगीत आहेत, एवढेच पाहिले गेले. पालकांच्या तक्रारी वाढल्यानंतर २००८ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने तिच्या प्रक्षेपणावर बंदी घातली. पुढे काटछाट केलेल्या स्वरूपात ती परतली.

एका प्रकरणात गंभीर कलाकृती बालिश मानली गेली, तर दुसऱ्यात प्रौढांचा विनोद बालकांच्या हाती दिला गेला. दोन्ही वेळा आशयाऐवजी माध्यमावरून निर्णय झाला.

समज दुसरा : ॲनिमे म्हणजे हिंसा आणि अश्लीलता

ॲनिमे बालिश आहे, असे मानणारे अनेकदा ते मुलांना बिघडविणारे आहे, असेही मानतात. युरोपमध्ये हा वाद १९७० च्या दशकापासून चालत आला आहे. १९७८ च्या जुलै महिन्यात फ्रान्समध्ये ‘गोल्डोराक’ या नावाने महाकाय यंत्रमानवाची एक जपानी मालिका सुरू झाली. मुलांनी तिला डोक्यावर घेतले आणि पाठोपाठ पालक, शिक्षणतज्ज्ञ व राजकारणी यांची टीकाही सुरू झाली. १९९० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत ध्वनिचित्रफितींच्या बाजारात जपानी ॲनिमेशन शिरले, तेव्हा वितरकांनी रक्तपात आणि लैंगिक दृश्ये असलेल्या प्रौढांच्या कलाकृती हेतुपुरस्सर पुढे आणल्या. ‘ही तुमची नेहमीची व्यंगचित्रे नव्हेत’, असे ठसवून माल खपविण्याचे ते तंत्र होते. त्याचा परिणाम असा झाला, की एका कोपऱ्यातील कलाकृतींवरून संपूर्ण माध्यमाची ओळख ठरली.

अशा कलाकृती अस्तित्वात आहेत, हे नाकारता येणार नाही. काही मालिकांमधील स्त्रीपात्रांच्या चित्रणावर जपानमध्येही टीका होते आणि ती रास्त आहे. मात्र त्याच देशात हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ तयार झाला. दहा वर्षांच्या मुलीच्या धैर्याची कथा सांगणाऱ्या या २००१ च्या चित्रपटाला २००२ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल आणि २००३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. मियाझाकी यांच्याच ‘द बॉय अँड द हेरन’ला २०२४ मध्ये पुन्हा ऑस्करने गौरविण्यात आले.

किंबहुना, ज्या ॲनिमेंनी कोणाला त्रास दिला नाही, ती ॲनिमे म्हणून ओळखलीच गेली नाहीत. स्वित्झर्लंडच्या डोंगरात घडणारी १९७४ ची ‘हायडी’ ही मालिका युरोपमधील अनेक प्रेक्षकांना आपल्याच भूमीतील वाटत असे. ताकाहाता यांनी ती जपानमध्ये दिग्दर्शित केली होती. भारतातील उदाहरण तर घरोघरचे आहे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची निर्मिती होती. हिंदीतील तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. ‘आम्ही कधीच ॲनिमे पाहिले नाही’, असे म्हणणाऱ्या त्या पिढीतील कित्येकांनी मोगलीच्या रूपाने ते नेमाने पाहिलेले आहे.

समज तिसरा : ॲनिमे पाहिल्याने फेफरे येते

या समजामागे एक खरी घटना आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल आणि निळ्या प्रकाशाची अतिवेगवान उघडझाप दाखविण्यात आली. त्यानंतर काही वेळातच देशभरातून मुलांना झटके येणे, चक्कर, उलट्या अशा तक्रारी येऊ लागल्या. ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिकेचे प्रक्षेपण चार महिने थांबविण्यात आले आणि तो भाग पुन्हा कधीही दाखविण्यात आला नाही.

वैद्यकशास्त्रात या विकाराला प्रकाशसंवेदी अपस्मार असे म्हणतात. मोजक्याच व्यक्तींच्या मेंदूत ही संवेदनशीलता असते आणि कोणत्याही तीव्र, वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने तो उद्भवू शकतो. व्हिडिओ गेम, समारंभातील दिवे किंवा वृत्तचित्रणातील छायाचित्रकारांच्या दिव्यांची उघडझापही त्याला कारणीभूत ठरू शकते. दोष चित्रशैलीचा नव्हता. प्रकाशाचा वेग, त्यातील रंगांचा विरोध आणि पडद्यापासूनचे अंतर यांचा होता. या घटनेनंतर जपानी प्रसारकांनी प्रकाशाच्या उघडझापेवर मर्यादा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. जपानी मालिकांच्या प्रारंभी खोलीत पुरेसा उजेड ठेवून पडद्यापासून दूर बसण्याची जी सूचना दिसते, तिचे मूळ या प्रसंगात आहे. आपल्या घरातही ती पाळण्याजोगी आहे.

समज चौथा : मोठे डोळे म्हणजे पाश्चात्त्य चेहरे

ॲनिमेमधील पात्रे जपानी दिसत नाहीत, त्यांचे टपोरे डोळे आणि रंगीत केस युरोपीय लोकांचे अनुकरण आहे, असेही पुष्कळदा म्हटले जाते. तेझुका यांच्यावर वॉल्ट डिस्ने आणि फ्लायशर बंधूंच्या अमेरिकन व्यंगपटांचा प्रभाव होता, हे खरे आहे. परंतु त्यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशा तेथील प्रसिद्ध नाट्यसंस्थेत दूरच्या प्रेक्षकालाही भाव दिसावेत, म्हणून डोळ्यांची ठसठशीत रंगभूषा केली जात असे. त्याचीही छाप त्यांच्या चित्रांवर पडली.

याला व्यवहाराचीही जोड होती. दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तयार करायचा, तर चित्रांची संख्या कमी करणे भाग होते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तेझुका यांच्या पद्धतीत तेवढ्या वेळात आठ किंवा त्याहूनही कमी चित्रांवर काम भागविले जाई. शरीराची हालचाल अशी मर्यादित झाल्यावर भावना दाखविण्याचा भार चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांवर आला. केसांच्या रंगाचाही उपयोग सारख्या रेषांत काढलेली पात्रे चटकन वेगळी ओळखू यावीत यासाठी होतो. शिवाय ही शैली सार्वत्रिक नाही. ताकाहाता यांच्या २०१३ च्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ या चित्रपटात कोळशाच्या रेषा आणि जलरंगांचा आभास आहे. त्यातील चेहरे जुन्या जपानी चित्रगुंडाळ्यांची आठवण करून देतात.

समज पाचवा : चाहते एकलकोंडे आणि धोकादायक

सर्वाधिक दुखावणारा समज चाहत्यांविषयीचा आहे. जपानमध्ये त्यांना ‘ओताकू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपले घर’ असा असून समोरच्या व्यक्तीला आदराने, काहीसे अंतर राखून संबोधण्यासाठी तो वापरला जाई. चाहते परस्परांना असे संबोधत, यावरून १९८३ मध्ये स्तंभलेखक अकियो नाकामोरी यांनी हा शब्द त्यांच्यासाठी उपहासाने वापरला.

त्यानंतर १९८८-८९ मध्ये तोक्यो आणि सैतामा परिसरात चार लहान मुलींच्या हत्या झाल्या. अटक झालेल्या तरुणाच्या खोलीत हजारो चित्रफिती सापडल्या आणि त्या खोलीची छायाचित्रे देशभर झळकली. वृत्तमाध्यमांनी त्याला ‘ओताकू खुनी’ असे नाव दिले. एका गुन्हेगाराच्या कृत्याची सावली असंख्य सामान्य तरुणांवर पडली. छंद लपवून ठेवण्याची वेळ अनेकांवर आली आणि तो शब्द पुढील कित्येक वर्षे शिवीसारखा वापरला गेला.

वस्तुस्थिती काय होती? चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रकथांच्या विक्रीचा ‘कॉमिक मार्केट’ हा मेळावा डिसेंबर १९७५ मध्ये तोक्यो येथे सुरू झाला. पहिल्या मेळाव्यास ३२ गट आणि सुमारे ७०० लोक आले होते. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. ऑगस्ट २०१९ मधील चार दिवसांच्या मेळाव्यात ही उपस्थिती सुमारे ७ लाख ३० हजारांवर गेली. त्याचे नियोजन मुख्यतः स्वयंसेवक करतात. स्वतः लिहिणारे, रेखाटणारे आणि ते एकमेकांना दाखविण्यासाठी भर उन्हात रांगा लावणारे हे लोक एकलकोंड्या पुरुषाच्या प्रतिमेत बसत नाहीत.

१८ जुलै २०१९ रोजी क्योतो येथील ‘क्योतो ॲनिमेशन’ या संस्थेच्या कलागृहाला एका माथेफिरूने आग लावली. त्या घटनेत ३६ जणांचा मृत्यू झाला. तरुण कलावंतांना मासिक वेतनावर घेऊन प्रशिक्षण देणारी संस्था म्हणून तिचा लौकिक होता. जगभरातील चाहत्यांनी फुले वाहिली आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी व जखमींसाठी ३३० कोटी येनच्या आसपास निधी जमला.

भारतातील चाहत्यांचे चित्रही असेच आहे. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट आपल्याकडेही चित्रपटगृहांत लागावा, यासाठी हजारो भारतीय चाहत्यांनी स्वाक्षऱ्यांची मोहीम चालविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘डीमन स्लेयर’ मालिकेतील चित्रपट तर जपानी आणि इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतूनही दाखविण्यात आला.

समज सहावा : उद्योग श्रीमंत, म्हणून कलावंतही श्रीमंत

चित्रपटांच्या उत्पन्नाचे आकडे पाहून ही चित्रे काढणारे संपन्न असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक मालिका ‘निर्मिती समिती’ पद्धतीने तयार होतात. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिन्या, ध्वनिमुद्रण कंपन्या, खेळणी बनविणारे असे अनेक भागीदार भांडवल घालतात आणि नफाही त्यांच्यातच वाटला जातो. चित्रे काढणाऱ्या संस्थेकडे अनेकदा केवळ ठरलेली रक्कम येते. दोन मुख्य चित्रांमधील जोडचित्रे काढणाऱ्या नवोदितांना पुष्कळ ठिकाणी चित्रागणिक मोबदला मिळतो. अपुरे उत्पन्न आणि प्रदीर्घ काम यांमुळे अनेक तरुण काही वर्षांतच हा व्यवसाय सोडतात. त्यामुळे फुकटात मिळणाऱ्या चोरट्या प्रती पाहणे म्हणजे श्रीमंतांच्या खिशातून चार पैसे काढणे, हा युक्तिवाद फसवा आहे.

पालकांनी काय पाहावे?

हे सर्व लक्षात घेता ‘मुलांनी ॲनिमे पाहावे की नाही’, हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘मुलांनी पुस्तके वाचावीत का’, असे विचारल्यावर आपण ‘कोणते पुस्तक आणि मूल किती वर्षांचे’, असे विचारतो. तोच निकष येथेही लागू होतो.

भारतात त्यासाठी आधारही उपलब्ध आहे. २०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन मंचांवरील मालिका व चित्रपटांना सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी अशा श्रेणी देणे बंधनकारक आहे. चित्रपटगृहांतील प्रमाणपत्रांतही २०२३ च्या कायदेबदलानंतर पालकांच्या मार्गदर्शनाच्या श्रेणीत सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आले आहेत. चित्रे रंगीत आहेत म्हणून या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. तसेच चित्रे जपानी आहेत म्हणून ती न पाहताच नकार देऊ नये. नवी मालिका मुलांच्या हाती देण्यापूर्वी तिची श्रेणी पाहावी आणि पहिला भाग त्यांच्यासोबत बसून पाहावा. सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत बरेच गैरसमज दूर होतात आणि एखाद्या मालिकेविषयीची शंका खरी असेल, तर तीही तेवढ्यातच कळते.